फोटोत काय आहे, ते आधी सांगा

एखादा फोटो चार जणांसमोर ठेवून ‘यात काय दिसतं?’ असं विचारलं, तर उत्तरं बहुधा दोनच तऱ्हेची येतात. काही जण फोटोतल्या गोष्टीबद्दल बोलू लागतात: बिचारं पोर, केवढा हा संहार, काय तो डोंगर! उरलेले कॅमेऱ्याबद्दल बोलतात: क्षितिज जरा तिरकं गेलंय, मागचं छान धूसर आलंय, लेन्स कोणती होती? पहिल्यांच्या लेखी फोटो काढणारा कुणी नसतोच आणि दुसऱ्यांच्या लेखी फोटोत कुणी नसतं. काय दिसतं, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

अलीकडे तिसरा गट निघाला आहे. ‘फेक आहे’ किंवा ‘एआय दिसतंय’ एवढं म्हणून तो पुढच्या फोटोकडे वळतो. हा गट स्वतःला सर्वांत चिकित्सक समजतो. मला तो सर्वांत आळशी वाटतो. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

माझं म्हणणं साधं आहे. फोटोबद्दल मत देण्याआधी तो शब्दांत मांडता आला पाहिजे, मोठ्याने, दुसऱ्या माणसासमोर. चौकटीत काय आहे, कुठे आहे, उजेड कुठून पडलाय, कोण कुणाकडे बघतंय, कडेला काय अर्धवट कापलं गेलंय. हे अगदी प्राथमिक वाटेल. पण करून बघितलं की कळतं, ‘गरीब बाई’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला गरिबी दिसलेली नसते. दिसलेली असते ती उसवलेली बाही. बाहीवरून गरिबीपर्यंत आपण स्वतः पोचलेलो असतो आणि तेही इतक्या झटकन, की फोटोनेच तसं सांगितलं अशी आपली समजूत होते. निष्कर्ष बरोबरही असेल. पण तो आपला आहे, फोटोचा नाही, एवढं भान असल्याशिवाय फोटोवर वाद घालण्यात अर्थ नाही.

फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचं एक उदाहरण याला फार चपखल आहे. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा उंचावरच्या खिडकीतून फोटो घेतला. रस्ता वाहता होता, घोडागाड्या आणि माणसं जात-येत होती. फोटोत मात्र तो ओस पडलेला दिसतो. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं, त्यामुळे जे हलत होतं ते उमटलंच नाही. कोपऱ्यात एक माणूस तेवढा दिसतो, कारण तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत उमटलेला पहिला माणूस म्हणून त्याची ओळख सांगतात. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. काही खोडलं नाही, काही जोडलं नाही. तरीही या फोटोवरून ‘त्या वेळी रस्ता निर्मनुष्य होता’ असं कुणी म्हणालं, तर ते साफ चूक.

आजचे कॅमेरे सेकंदाच्या हजाराव्या भागात काम उरकतात, म्हणून ही अडचण मिटली असं नाही. ती उलटी झाली आहे. तेव्हा हलणारं सुटायचं, आता आधीचं आणि नंतरचं सुटतं. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर दक्षिण व्हिएतनामचे पोलीसप्रमुख न्गुयेन न्गोक लोआन यांनी हात बांधलेल्या कैद्याच्या डोक्यात गोळी घातली आणि एडी ॲडम्स यांच्या कॅमेऱ्यात तो क्षण अडकला. त्या फोटोला पुलित्झर मिळालं. १९९८ मध्ये लोआन वारल्यावर ॲडम्स यांनी लिहिलं की फोटो खोटं बोलतात, फेरफार न करताही. ती अर्धसत्यं असतात. कैद्याने आधी काय केलं होतं हे फोटो सांगत नाही, ही त्यांची खंत. ती मला पुरती पटत नाही. कैद्याने काय केलं होतं हे कळल्याने हात बांधलेल्या माणसावर झाडलेली गोळी न्याय्य ठरत नाही. पण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग पक्का आहे. त्या फोटोवरून ‘या माणसाने याला असं मारलं’ हे म्हणता येतं. ‘हा माणूस असा होता’ हे म्हणता येत नाही. जगाने दुसरं वाक्य म्हटलं आणि लोआन यांना ते जन्मभर पुरलं.

वर्णन करत गेल्याने किती फरक पडतो हे बघायला डोरोथिया लँग यांचा १९३६ मधला फोटो घेऊ. कॅलिफोर्नियात निपोमोजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर सरकारी खात्यासाठी काढलेला. ‘मायग्रंट मदर’ या नावाने तो जगाला माहीत आहे. त्याविषयी नेहमी बोललं जातं ते आईची वेदना, आईचं धैर्य, आईचं सोसणं. हे शब्द घटकाभर बाजूला ठेवून नुसतं बघायचं. मधोमध एक बाई. एक हात हनुवटीपाशी आलेला, बोटं गालाला जेमतेम टेकलेली. कपाळावर आठ्या. नजर कॅमेऱ्याकडे नाही, आपल्याला ओलांडून दूर कुठे तरी. दोन मुलं तिच्या दोन खांद्यांना बिलगलेली, दोघांचीही तोंडं पलीकडे वळलेली. मांडीवर तान्हं मूल. मागे कापडाचा पडदा, आणि बाकी काहीच नाही.

एवढं बोलून झालं की प्रश्न आपोआप उभे राहतात. समोर अनोळखी बाई कॅमेरा घेऊन उभी असताना दोन्ही मुलांनी एकाच वेळी पाठ का फिरवली? लहान मुलं सहसा कॅमेऱ्याकडे टक लावून बघतात. तळावर फोटो काढलाय, मग तळ कुठे आहे? याची उत्तरं त्याच वेळी लँग यांनी घेतलेल्या दुसऱ्या फ्रेममध्ये सापडतात. लांबून घेतलेल्या फ्रेममध्ये तंबू दिसतो, सामान दिसतं, एक मोठी मुलगी दिसते. मग कॅमेरा जवळ येत जातो. सामान गेलं, मोठी मुलगी गेली, जमीन गेली. शेवटी उरले एक चेहरा आणि तीन मुलं, त्यातल्या मोठ्या दोघांना चेहराच नाही. त्यांचे चेहरे असते तर आपली नजर तिघांत वाटली गेली असती. आता ती एकाच ठिकाणी जाऊन थांबते. हे योगायोगाने घडलं असावं असं मला वाटत नाही. भूक खरी, तळ खरा, आठ्या खऱ्या. मांडणी लँग यांची. यातलं एक मान्य केलं की दुसरं बाद होतं, असं समजणाऱ्यांनी फोटोच्या चर्चेचा बराच विचका केला आहे.

या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. लँग यांना तो खटकला आणि पुढे निगेटिव्हवर तो पुसट करण्यात आला. नीट पाहिलं तर त्याची सावली अजूनही सापडते. ज्या खात्यासाठी लँग काम करत होत्या, तिथल्या प्रमुखांना हे रुचलं नाही. त्या अंगठ्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला गंमत वाटते ती याची, की अंगठा पुसणं हा फेरफार ठरला आणि चार पावलं पुढे जाऊन अख्खी मोठी मुलगी चौकटीबाहेर ठेवणं हा फेरफार ठरला नाही. अर्थ कशाने जास्त बदलला? पावलांनी. पण पावलं निगेटिव्हवर दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल तक्रार होत नाही.

आणखी एक गोष्ट फोटोत नाही: नाव. लँग यांनी ते विचारलं नव्हतं. त्या बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं. त्या चेरोकी वंशाच्या होत्या. मंदीत देशोधडीला लागलेल्या गोऱ्या शेतकरी कुटुंबाचं प्रतीक म्हणून चाळीसेक वर्षं हा फोटो फिरत होता. फोटोतून त्यांना स्वतःला पैसे मिळाले नाहीत, आणि तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. ‘वेदना आणि धैर्य’ या जोडीत यातलं काहीच बसत नाही.

नुसत्या बघण्याने किती लांब जाता येतं, याचा दुसरा नमुना क्रिमियन युद्धातला आहे. रॉजर फेंटन यांनी १८५५ मध्ये एका उजाड घळीचे एकाच जागेवरून दोन फोटो घेतले. एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला पडलेले आहेत. दुसऱ्यात ते रस्त्यावरही विखुरलेले आहेत. कोणता आधीचा, यावर पुष्कळ तर्क लढवले गेले, बहुतेक फेंटन यांच्या स्वभावावरून आणि हेतूवरून. शेवटी उत्तर मिळालं ते उतारावरच्या लहान दगडांतून. दोन्ही फोटो ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की रस्त्यावर गोळे असलेल्या फोटोत काही दगड किंचित खाली घसरले आहेत. माणसांच्या वावरण्याने दगड घरंगळून खाली येतात, वर चढत नाहीत. म्हणजे रिकामा रस्ता आधीचा. गोळे रस्त्यावर कुणी आणले आणि कशासाठी, हे दगडही सांगत नाहीत. हेतूबद्दलच्या पानोपानी वादापेक्षा त्या दगडांनी जास्त काम केलं, म्हणून मला हे उदाहरण फार आवडतं.

कॅमेरा कुठे उभा होता, हा प्रश्न फोटोबद्दल सर्वांत कमी विचारला जातो. २०२० मध्ये साथीच्या काळात ‘बघा किती गर्दी’ असे फोटो जगभर छापून येत होते आणि त्यावर लोक एकमेकांवर तुटून पडत होते. तेव्हा डेन्मार्कच्या रित्झाऊ स्कॅनपिक्स या वृत्तसंस्थेच्या दोन फोटोग्राफरनी त्याच ठिकाणचे, तीच माणसं असलेले फोटो दोन तऱ्हांनी घेऊन दाखवले. लांबून टेली लेन्सने, म्हणजे दूरचं मोठं करून दाखवणाऱ्या लेन्सने, घेतलेल्या फोटोत माणसं एकमेकांना चिकटलेली वाटतात. वाइड लेन्सने किंवा दुसऱ्या कोनातून पाहिलं तर त्यांच्यात चांगलं अंतर आहे. (खरं तर ही करामत लेन्सची कमी आणि अंतराची जास्त. लांब उभं राहिलं की पुढची-मागची माणसं सारख्याच आकाराची दिसतात आणि मधली जागा नाहीशी होते. लेन्स त्यातला तुकडा मोठा करून देते, इतकंच.) दोन्ही फोटो अस्सल, तंत्रदृष्ट्या चोख. खरा कोणता, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. विचारायला हवं ते हे: दोन माणसांतलं अंतर किती, हे कोणत्या फोटोवरून सांगता येईल?

फोटोखालच्या ओळीबद्दल फार बोलायला नको. तिथली लबाडी आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरी २०१७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी भारताच्या गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालात आपल्या सीमेवरचे दिवे म्हणून स्पेन-मोरोक्को सीमेचा फोटो छापला गेला. त्याच वर्षी पाकिस्तानच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरमधली जखमी मुलगी म्हणून जो फोटो उंचावून दाखवला, तो हायडी लेविन यांनी २०१४ मध्ये गाझात काढलेला होता. दोन्ही फोटोंत काडीचाही बदल केलेला नव्हता. दोन्हीकडच्या लोकांना दुसऱ्याची चूक तेवढी हास्यास्पद वाटली.

आता त्या तिसऱ्या गटाकडे. पोप फ्रान्सिस पांढऱ्या फुगीर जॅकेटमध्ये फिरताहेत, असं एआयने बनवलेलं चित्र मार्च २०२३ मध्ये जगभर खरं म्हणून पसरलं. तेव्हापासून ‘खरं की बनावट’ हीच फोटोची एकमेव परीक्षा होऊन बसली आहे. परीक्षा आवश्यक आहे, यात वाद नाही. पण ती प्रवेशपरीक्षा आहे. तिथे पास झालेला फोटो सत्य सांगतोच असं नाही, आणि नापास झालेल्यात विचार करण्यासारखं काही नसतं असंही नाही. शिवाय ‘डोळ्यांनी ओळखतो’ म्हणणाऱ्यांची फजिती दोन्ही बाजूंनी झालेली आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांच्या एआय-चित्राला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी ॲवॉर्ड्समध्ये पारितोषिक मिळालं आणि त्यांनी ते नाकारलं. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी कॅमेऱ्याने काढलेला एका फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या विभागात पाठवला. मान वळवून अंग खाजवणाऱ्या त्या पक्ष्याचं डोकं फोटोत दिसतच नाही. तो तिथे बक्षीस मिळवून गेला आणि खरा आहे हे कळल्यावर बाद झाला.

‘फेक’ हा शब्द मला आळशी वाटतो, कारण तो उच्चारला की बघायचं काम संपतं. १९९४ मध्ये खुनाचा आरोप असलेले कृष्णवर्णीय अमेरिकन माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो ‘टाइम’ने मुखपृष्ठावर गडद करून छापला, ‘न्यूजवीक’ने त्याच आठवड्यात तोच फोटो जवळपास होता तसा छापला. दोन्ही अंक शेजारी आल्यावर गहजब झाला. ‘टाइम’चा फोटो बनावट होता, एवढं बोलून थांबलो तर मुख्य गोष्ट हातची गेली. एका आरोपीची कातडी जास्त काळी दाखवली की तो जास्त गुन्हेगार वाटेल, ही समजूत कुणाच्या डोक्यात होती? संपादकाच्या, की वाचकाच्याही? चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. समोर मेलेलं मूल आहे आणि तुम्ही उजेड कुठून आला ते बघताय? चौकट, अंतर, कडा यांवर बोलणं ही निर्दयता नाही का?

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, एका अनोळखी बालकाच्या दफनाचे फोटो रघु राय यांनी घेतले आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. राय यांचा गाजलेला फोटो कृष्णधवल आहे, बार्थोलोम्यू यांचा रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या फोटोला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मूल तेच, माती तीच. राय यांच्या फोटोत एक हात त्या चेहऱ्यावर आलेला आहे. तो माती लोटतोय की बाजूला सारतोय, हे स्थिर चित्रातून कळत नाही. आपण बहुतेक जण तो हात मायेचा आहे असं ठरवून टाकतो, कारण दुसरं काही सहन होत नाही. कृष्णधवलात माती आणि कातडी एकमेकांत मिसळतात. चेहरा जमिनीतूनच वर आल्यासारखा, जुन्या शिल्पासारखा होतो. रंगात तसं होत नाही. रंगात ते मूल अमुक एका दिवशी मेलेलं मूल राहतं. एकाने शोकाला चिरकाल टिकणारं रूप दिलं, दुसऱ्याने ते तारखेला बांधून ठेवलं. मला स्वतःला रंगीत फोटो जास्त अस्वस्थ करतो. कृष्णधवल फोटोपुढे मान खाली घालून पुढे जाता येतं. तुमचं मत उलटं असू शकेल. पण हे बोलताना त्या मुलाकडे दुर्लक्ष झालं असं मला वाटत नाही. ‘हृदयद्रावक’ एवढं म्हणून पान उलटणाऱ्याने त्याच्याकडे जितका वेळ बघितलं, त्याहून कितीतरी जास्त वेळ आपण बघितलं.

केविन कार्टर यांच्या १९९३ मधल्या सुदानच्या फोटोबाबत नेमकं उलटं घडलं. खाली कोसळलेलं उपाशी मूल, मागे गिधाड, बाकी माळरान. वाचकांनी फोटो पाहिला आणि लगेच फोटोग्राफरवर खटला भरला: मुलाला उचललं का नाही? त्या मुलाचं पुढे काय झालं, ही चौकशी रास्तच होती. पण खटला उभा राहिला तो ‘तिथे दुसरं कुणीच नव्हतं’ या गृहीतकावर, आणि ते गृहीतक चौकटीने पुरवलेलं होतं. अन्नवाटपाचं केंद्र जवळच होतं, माणसं होती. फोटोत ती नव्हती. दागेर यांच्या रस्त्यावरची माणसं यंत्राने वगळली, इथली चौकटीने.

उलट काही फोटोंत काढणाऱ्यावर खटला भरायलाच हवा आणि तिथे आपण फक्त दृश्य बघत बसतो. इराकमधल्या, अमेरिकी सैन्याच्या ताब्यातल्या अबू गरीब तुरुंगातले २००४ मध्ये उघड झालेले फोटो घ्या. त्यांत छळ दिसतो. पण कॅमेऱ्याकडे बघून हसणारे सैनिक, वर केलेला अंगठा हेही दिसतं. म्हणजे हे कुणी लपून गोळा केलेले पुरावे नव्हते, ते आठवण म्हणून काढलेले फोटो होते. कैद्याची विटंबना पुरी व्हायला कॅमेरा लागत होता. फोटो कुणासाठी काढला, हे विचारल्याशिवाय त्यातला गुन्हा अर्धाच कळतो.

फोटोग्राफरला विचारा, तो सांगेल काय म्हणायचं होतं, असंही काही जण सुचवतात. विचारावं जरूर, काढतानाची परिस्थिती त्यालाच माहीत असते. पण अर्थाबद्दल त्याचा शब्द अखेरचा नाही. फोटो त्याच्या हातून सुटला की तो आपल्यासारखाच एक बघणारा. हौशी मंडळींच्या बैठकांत मात्र हे पचत नाही. तिथे टीका केली की काढणारा दुखावतो, म्हणून सगळे ‘मस्त’, ‘अप्रतिम’ म्हणत राहतात आणि फार तर क्षितिज सरळ करायला सांगतात. माझ्या मते, ज्या फोटोवर कुणी ‘हा तू इथूनच का काढलास?’ असं विचारत नाही, त्याचा कुणी आदर केलेला नसतो.

हे सगळं प्रत्येक वाचकाने प्रत्येक फोटोसाठी करावं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. दिवसभरात डोळ्यांसमोरून जाणाऱ्या फोटोंची गणती नाही. म्हणून थोडा भार छापणाऱ्यांनी उचलायला हवा. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’सारख्या स्पर्धा अखेरच्या फेरीत स्पर्धकाकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात, गरज पडली तर आगेमागे काढलेल्या फ्रेमही मागतात. परीक्षकांना जे लागतं ते वाचकाला का नको? ज्या फोटोवरून देश पेटू शकतो, ज्यावरून एखाद्या माणसाला कायमचं आरोपी ठरवलं जाऊ शकतं, त्याच्यासोबत किमान चार गोष्टी द्याव्यात: कुठे, केव्हा, किती अंतरावरून, आणि आधीची-नंतरची एकेक फ्रेम. जागा कुठून आणायची, अशी सबब छापील अंकाला सांगता येईल. ऑनलाइन आवृत्त्यांना तीही नाही. एकाच मुद्द्याचे वीस फोटो लावायला त्यांना जागा पुरते.